टाइमआउट संपल्यावर किल करूनही प्रोग्राम का अडकतो?

आपण लिहिले आहे की पायथनमधून पॉपेनने (दुसरा प्रोग्राम सुरू करण्याच्या सोयीने) लिबरऑफिस चालवून फायलींचे रूपांतर करता, टाइमआउटचे, म्हणजे वेळमर्यादेचे, ६० सेकंद उलटले की किल (मारण्याची आज्ञा) आणि त्यामागोमाग कम्युनिकेट (आउटपुट वाचून संपण्याची वाट पाहणे) करता, तरीही प्रोग्राम तिथेच थांबून राहतो. याचे कारण असे की किल फक्त आपण सुरू केलेल्या प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) लागू होते, तिने पुढे सुरू केलेल्या प्रोसेसना नाही. लिबरऑफिस सुरू करणारी सॉफिस ही आज्ञा ऊस्प्लॅश नावाची प्रोसेस चालवते आणि खरे रूपांतर ऊस्प्लॅशने सुरू केलेली सॉफिस-डॉट-बिन करते. ऊस्प्लॅश मेली तरी आउटपुट आपल्यापर्यंत आणणाऱ्या पाइपचे दुसरे टोक सॉफिस-डॉट-बिनने धरून ठेवलेले असते आणि ते सुटेपर्यंत कम्युनिकेट परतत नाही.

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. इंदुरात पलासियाजवळच्या एका कार्यालयात आम्ही गुणपत्रकांच्या पीडीएफ काढून देत असू. निकालाच्या दिवसांत एखादी बिघडलेली फाइल आली की तिच्यामागच्या चांगल्या फायलीही एकेक करून टाइमआउटने पडत. आमचे वरिष्ठ म्हणत की फायली मोठ्या आहेत, मर्यादा ३०० सेकंद करा, आणि तरीही भागले नाही तर रोज रात्री सर्व्हर पुन्हा सुरू करा. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. मी पीएस (चालू प्रोसेसची यादी देणारी आज्ञा) चालवून त्यांना दाखवले: सॉफिस-डॉट-बिन सकाळपासून जिवंत होती, तिच्या पॅरेंटच्या रकान्यात १ होता, म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस केव्हाच गेली होती. लिबरऑफिस एकाच प्रोफाइलवर (सेटिंग्जच्या फोल्डरवर) दुसऱ्यांदा सुरू केले की ते नवे काम आधीच चालू असलेल्या प्रोसेसकडे सोपवते, त्यामुळे प्रत्येक नवी फाइल त्या अडकलेल्या प्रोसेसच्याच दारात जाऊन उभी राहत होती. मर्यादा ३०० केल्याने प्रत्येक चांगली फाइल पडायला पाचपट वेळ लागू लागला, एवढाच फरक झाला.

उपाय सरळ आहे. पॉपेनला स्टार्ट-न्यू-सेशन हा पर्याय द्या, म्हणजे ती प्रोसेस आणि तिने सुरू केलेल्या प्रोसेस यांचा वेगळा गट होतो; वेळ संपली की किलपीजीने (गटाला सिग्नल पाठवणाऱ्या फंक्शनने) संपूर्ण गटाला आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती) आणि थोड्या अवधीनंतर सिगकिल (सक्तीने मारणे) पाठवा, आणि प्रत्येक कामाला वेगळे प्रोफाइल द्या. लिनक्सवरची टाइमआउट ही आज्ञाही सिग्नल गटालाच पाठवते. जो टाइमआउट आपल्या मागे काय जिवंत उरले हे पाहत नाही, तो वाढवून काहीही साधत नाही, आणि कारण न शोधता आकडा वाढवणे याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

अर्थात गटालाही मर्यादा आहेत. एखाद्या प्रोसेसने स्वतः सेटसिड केले, म्हणजे स्वतःचे नवे सेशन उघडले, तर ती गटातून निसटते. तिच्यासाठी सीग्रुप (लिनक्स कर्नलच राखतो असा प्रोसेसचा गट) हवा, आणि लिनक्स ५.१४ पासून त्यात सगळ्यांना एकदम मारण्याची सोय आहे. विंडोजवर याच कामासाठी जॉब ऑब्जेक्ट वापरतात. मात्र पीएसमध्ये स्थितीच्या रकान्यात डी दिसत असेल, म्हणजे प्रोसेस डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या आयओची (वाचण्या-लिहिण्याची) वाट पाहत असेल, तर सिगकिलही कधीकधी ते आयओ सुटेपर्यंत लागू होत नाही, म्हणून आपल्या फायली नेटवर्कवरच्या डिस्कवर असतील तर आधी तो रकाना पाहा.