मेन रोडच्या पार्किंगवर हरकत लिहिण्याआधी चार गोष्टी बघून घ्या

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नगरपरिषदेनं मेन रोडसाठी व्यावसायिक पार्किंगच्या नियमांचा नवा मसुदा काढलाय. सकाळी 9 ते रात्री 8 मालवाहू गाड्यांना बंदी, दुकानांसमोर पैसे भरून पार्किंग, आठवडी बाजाराच्या दिवशी सगळ्याच गाड्यांना बंदी, आणि हरकती द्यायला 30 दिवस. व्यापारी संघ सगळ्यांच्या सह्यांचं एक निवेदन देणार आहे, ते पुरेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही पुरणार. मी 2011 ते 2021 अशी दहा वर्षं नगरसेविका होते आणि आमचं मेन रोडवर कृषी केंद्र, म्हणजे खत-बियाण्यांचं दुकान आहे. हा विषय मी सभागृहात बसूनही पाहिलाय आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही. आमच्या गावी प्रशासकांच्या काळात (निवडून आलेले नगरसेवक नव्हते तेव्हा) असाच मसुदा आला तेव्हा आम्हीही एकच निवेदन दिलं होतं, दीडशेच्या वर सह्या असतील. नंतर फाइल बघितली तर टिपणीत लिहिलेलं होतं, "प्राप्त हरकती : 1". म्हणून प्रत्येकानं आपली वेगळी हरकत द्या. मसुद्यातल्या कोणत्या कलमाला हरकत आहे त्याचा क्रमांक टाका, त्याऐवजी काय हवं ते तिथंच लिहा, सुनावणी मागा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पण लिहिण्याआधी रस्ता कुणाचा ते बघा. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत मेन रोड म्हणजे बहुतेक वेळा राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्गच असतो, गाव त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलेलं. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा महामार्गवाल्यांचा असेल तर नगरपरिषदेच्या एकट्या ठरावावर तिथं पार्किंगचा ठेका देता येणार नाही. शिवाय गाड्या कुठं थांबाव्यात, कुठं थांबू नयेत, हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 117 मध्ये राज्य शासनाकडे किंवा त्यानं नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे आहे, नगरपरिषदेशी सल्लामसलत करून. वाहतूक नियमनाचे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खालीही निघतात. तेव्हा पहिला मुद्दा हाच मांडा : या बंदीची अधिसूचना कोणत्या कलमाखाली आणि कुणाच्या सहीनं निघणार?

आता खरा मुद्दा. तुमच्या मसुद्यात (तुम्ही दिलेल्या मजकुरावरून म्हणते) गाडी उभी करून ठेवणं आणि माल चढवायला-उतरवायला थांबणं हे दोन्ही एकाच शब्दात बसवलंय. आमच्याकडं सगळं इथंच बिघडलं. जून महिना, पाऊस पडून गेलेला, पेरणीची घाई. एक म्हातारे शेतकरी मालवाहू ऑटो करून चौदा-पंधरा किलोमीटरवरून युरियाला आले. दोनच बोऱ्या घ्यायच्या होत्या. बोरी 45 किलोची, किंमत 266 रुपये 50 पैसे, म्हणजे दोन बोऱ्यांचे 533. आमचा हमाल पहिली बोरी खांद्यावर घेऊन पायरी उतरतोय तोवर ऑटोवर 500 रुपयांचं चलान झालं. म्हातारेबुवा ना भांडले, ना ओरडले. फक्त मला म्हणाले, "मले गाडी ठेवाचीच नाई वो बाई, मले बोऱ्या भराच्या हायेत." ऑटोवाल्यानं चलानाचे पैसे त्यांच्याकडूनच घेतले. ते एकच बोरी घेऊन गेले. दुसरी संध्याकाळपर्यंत आमच्या पायरीवर पडून होती, मला ती उचलून आत ठेवावीशी वाटेना.

त्यांचं ते वाक्य मी नंतर आमच्या हरकतीत जसंच्या तसं घातलं. तुम्हीही मसुद्यात व्याख्या मागा. चढ-उतार म्हणजे काय, किती मिनिटं, कोण मोजणार. शेतकऱ्याच्या छोट्या गाडीला 20 मिनिटं पुरतात. ट्रकचं तसं नाही. 10 टनांचा ट्रक म्हणजे 50 किलोच्या 200 बोऱ्या, चार हमाल लागले तरी तास-सव्वा तास जातो. सकाळी 9 च्या आत हे उरका म्हणणाऱ्यानं खताचा ट्रक कधी उतरवलेला नसतो. खत रेल्वेच्या रेकनं, म्हणजे अख्ख्या मालगाडीनं येतं. रेक कधी लागेल आणि तिथून गाडी कधी सुटेल हे ना आपल्या हातात, ना ड्रायव्हरच्या. मोठ्या शहरात दुकानाचं गोदाम गावाबाहेर असतं, रात्रपाळीला माणसं असतात. आपल्याकडं दुकानाच्या मागची खोली हेच गोदाम आणि रात्री 8 नंतर हमाल आपल्या गावाला गेलेले.

म्हणून बंदीची वेळ घड्याळापेक्षा हंगामावर ठरवून मागा. जूनमध्ये बियाणं-खत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन, त्यानंतर होळीपर्यंत कापसाच्या गाड्या. जिनिंगकडे (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याकडे) जाणाऱ्या कापसाच्या पिकअप आणि ट्रॉल्यांना मेन रोडनं जायचंच असेल तर त्यांना वेगळा रस्ता आखून द्या असं लिहा. नुसती बंदी घातली तर त्या शाळेसमोरच्या गल्लीतून जातात, आमच्याकडं गेल्याच. आम्ही शेवटी सकाळी 7 ते 11 आणि दुपारी 2 ते 4 अशी चढ-उताराची वेळ मागितली, प्रत्येक पन्नास पावलांवर पिवळ्या पट्ट्यांचा एक चौकोन मागितला. सकाळची वेळ मिळाली, दुपारची नाही. चौकोन आखले, पण पहिल्याच पावसाळ्यात पुसले गेले, त्यामुळे रंग दरवर्षी मारायचा हेही लिहून घ्या.

पुढचं तुमच्या संघातल्या काहींना आवडणार नाही, तरी सांगते. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते एक दुकानासमोर स्टूल टाकून बसा आणि गाड्यांचे नंबर लिहा. कोणती किती वाजता आली, किती वाजता गेली. आम्ही लिहिले तेव्हा तेवढ्या वेळात जागच्या न हलणाऱ्या दुचाक्यांतल्या निम्म्याहून जास्त आम्हा दुकानदारांच्या आणि आमच्या नोकरांच्याच निघाल्या. गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून आम्ही ओरडत होतो, आणि जागा आम्हीच अडवलेली. ही वही हरकतीला जोडा. अधिकाऱ्यासमोर आपली चूक आपणच आधी कबूल केली की पुढचं बोलणं वेगळंच होतं, हे मी सभागृहात कितीदा पाहिलंय. आपल्या गाड्या मागच्या गल्लीत लावू असं लेखी द्या, आणि ते पाळा.

त्याच वहीत व्यापारी संकुलांचंही लिहा. बांधकाम परवानगीच्या नकाशात तळघर किंवा मागचं आवार पार्किंग म्हणून दाखवलेलं असतं. बांधकामाच्या नियमांच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली 2020 मध्ये एका कारला 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीला 1 बाय 2 मीटर, मालवाहू गाडीला 3.75 बाय 7.5 मीटर असा हिशेब आहे. प्रत्यक्षात त्या तळघरात कपड्यांचं गोदाम असतं नाहीतर कोचिंग क्लास. रस्त्यावर पट्टे आखण्याआधी ही तळघरं मोकळी करा, ही मागणी कुणालाही खोडता येत नाही.

विकास आराखड्यात पार्किंगसाठी किंवा ट्रक टर्मिनससाठी आरक्षित जागा आहे का तेही बघा. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तराला 30 दिवस, तोवर तुमची मुदत संपलेली. म्हणून सरळ नगररचना विभागात जाऊन नकाशा बघा आणि भाग नकाशा (तेवढ्या भागाच्या आराखड्याची प्रत) व झोन दाखल्यासाठी (जागा कशासाठी ठेवलीय त्याचा दाखला) अर्ज करा. हे मी एवढ्या तळमळीनं का सांगते? आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाच्या हालचाली झाल्या नाहीत तर आरक्षण उठतं. आमच्याकडची बस स्टँडमागची जागा अशीच गेली. मी तेव्हा नगरसेविका होते, नोटिशीचा विषय सभेपुढे आला होता आणि नकाशा न उघडताच मीही इतरांसारखा हात वर केला. आज तिथं प्लॉट पडलेत. त्या जागेत बाजाराच्या दिवशीचे सगळे ट्रॅक्टर मावले असते.

बाजाराच्या दिवशीच्या बंदीबद्दल दोनच गोष्टी. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना पार्किंगच्या पट्ट्यांसाठी उठवणार असतील, तर पथविक्रेता कायदा 2014 प्रमाणे 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि हा विषय नगर पथविक्रेता समितीपुढे जायला हवा. तिथं किमान 40 टक्के सदस्य विक्रेते असतात. त्या बायका हरकत लिहायला येणार नाहीत, तुमच्यापैकी कुणी त्यांची लिहून द्या. आणि मसुद्यात बैलबंडी आहे का बघा. मोटार वाहनांचा नियम म्हटला की बंडी कागदावर नसतेच, पण खेड्यावरून येणारी अजून येते. तिला सावलीची आणि पाण्याची जागा लागते.

पैसे भरून पार्किंग असेल तर दर, ठेक्याची मुदत आणि जमा पैसे हिशेबात कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे कशावर, खर्च होणार हे नियमातच लिहून घ्या. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ हवी. ठेकेदाराचा माणूस शुल्क घेऊ शकतो, मोटार वाहन कायद्याचा दंड करू शकत नाही. तो अधिकार पोलिसांचा आणि परिवहन खात्याचा. आमच्याकडं हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी साध्या पावतीवर "दंड" भरला.

हरकती डावलून ठराव झालाच, तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तो स्थगित करायला अर्ज करता येतो. पण तिथं आवक शिक्क्याच्या प्रती लागतात, म्हणून वर एवढं सांगितलं.

तुमचा बाजार कोणत्या वारी भरतो आणि मेन रोडला किती गल्ल्या फुटतात ते कळवा. आमच्या हरकतीतला चढ-उताराच्या व्याख्येचा मजकूर माझ्याकडे आहे, तुमच्या गावाप्रमाणे बदलून देते.