रिहॅबच्या अनुभवावर ट्रॅव्हल नर्सिंग

प्रश्न: मी अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे. दीड वर्षापासून रिहॅब (पुनर्वसन) रुग्णालयात आहे. पक्षाघाताचे आणि मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण बघते. ट्रॅव्हल नर्सिंगच्या, म्हणजे एजन्सीमार्फत ठिकठिकाणी काही आठवडे काम करण्याच्या, जाहिराती मात्र आयसीयू आणि मेड-सर्जच्याच (सर्वसाधारण आजार-शस्त्रक्रियेच्या वॉर्डच्याच) दिसतात. मला काम मिळेल का?

उत्तर: मिळेल, पण जागा कमी आणि विखुरलेल्या. म्हणून कंपॅक्ट लायसन्स (करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारा एकच परवाना) असेल तर उत्तम. कॅलिफोर्निया त्यात नाही. तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

आणखी सहा महिने थांबा, असं आम्ही सुचवू. मागच्या पाच वर्षांत रिहॅबमधली दोन वर्षं भरली की सीआरआरएन (रिहॅब नर्सिंगचं प्रमाणपत्र) परीक्षेला बसता येतं. ट्रॅव्हलसाठी ती सक्तीची नाही, पण अर्ज वर येतो.

एजन्सीला पहिला प्रश्न विचारा: जागा इन-पेशंट रिहॅबची (रुग्णालयात दाखल रुग्णांच्या) की स्किल्ड नर्सिंगची (शुश्रूषा केंद्रातली)? दोन्हींना सर्रास ‘रिहॅब’च म्हणतात. पहिल्यात रुग्ण साधारणपणे दिवसाला तीन तास, आठवड्याला पाच दिवस थेरपी घेतो, त्यामुळे औषधं, आंघोळ, शौचाची वेळ सगळं थेरपीभोवती बसवावं लागतं. दुसऱ्यात तुमच्या एकटीच्या वाट्याला वीस-पंचवीस रुग्ण येऊ शकतात.

ओरिएंटेशन एक-दोन दिवसांचंच, म्हणून मुलाखतीत थेट कामाचंच विचारतात. मज्जारज्जूला टी-6 (छातीच्या भागातली सहावी पातळी) किंवा त्यावर इजा असलेल्या रुग्णाचं डोकं ठणकतंय, बीपी चढलंय, तर काय कराल? आधी बसतं करायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, मग कारण शोधायचं: कॅथेटरची (लघवीची) नळी दुमडली आहे का ते पाहायचं. मूत्राशय मोकळं असेल तर शौच अडकलाय का ते. बीपी दर दोन ते पाच मिनिटांनी. सेक्शन जीजीचं (रुग्ण रोजच्या हालचाली स्वतः किती करू शकतो याचं) स्कोअरिंगही पक्कं असू द्या.

काँट्रॅक्ट बहुधा 13 आठवड्यांचं असतं. खरी गोम फ्लोटिंगच्या (दुसऱ्या युनिटला पाठवण्याच्या) कलमात असते: रुग्णसंख्या घटली की रिहॅब नर्सला मेड-सर्जला धाडतात. कुठल्या युनिटला जाल आणि आठवड्याला किती तास हमखास मिळतील, हे सहीआधी लेखी घ्या. तोंडी शब्दाला अर्थ नाही.

प्रश्न: राहण्याचा भत्ता करमुक्त असतो ना?

उत्तर: कायमचं ठिकाण दुसरीकडे असेल आणि तिथलाही खर्च तुम्ही खरोखर करत असाल, तरच. घर सोडून नुसत्या फिरत राहिलात तर तो करपात्र. एकाच ठिकाणचं काम वर्षाहून जास्त चालणार असेल, तरीही करपात्रच.