दुपट्यात बांधा, पण पाय मोकळे ठेवा

प्रश्न : बाळ तीन आठवड्यांचं आहे. सासूबाई त्याचे पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधतात, नाहीतर पाय वाकडे राहतात म्हणे. दवाखान्यातही नर्सने गुंडाळूनच दिलं होतं. डॉक्टर म्हणतात, बांधू नका. मालिशवाल्या बाई म्हणतात, उताणं झोपवलं तर दूध घशात अडकेल, कुशीवर झोपवा. कुणाचं ऐकायचं?
– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : सासूबाईंचं बांधणं चुकत नाही, पाय ओढून सरळ करणं चुकतं. नवजात बाळाच्या खुब्याची खोबण उथळ असते, तिचा बराच भाग कूर्चेचा असतो. पाय जुळवून ताणून बांधले की मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून सरकू शकतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात ही सवय मोडण्याची मोहीम झाली, त्यानंतर खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण पुष्कळ घटलं. पायांचा बाक पोटातल्या बैठकीमुळे असतो आणि साधारण दोन वर्षांपर्यंत आपोआप जातो. बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल, तर सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

बांधायचंच तर मऊ, धुतलेलं, सुमारे एक मीटर चौरस सुती दुपटं घ्या. एक कोपरा वरच्या बाजूला येईल असं पसरून तो आत दुमडा. दुमड बाळाच्या खांद्यांच्या रेषेत यावी, त्याहून वर कापड नको. एक बाजू छातीवरून नेऊन पाठीखाली खोचा. खालचं टोक सैल वर घ्या, म्हणजे बाळाला गुडघे वाकवून बेडकासारखे फाकवता येतील. मग दुसरी बाजू. छाती आणि कापड यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. फार सैल असेल तर कापड सुटून तोंडावर येतं, फार घट्ट असेल तर श्वास नीट घेता येत नाही.

झोपवायचं मात्र उताणंच, दर वेळी. १९९०च्या दशकात अनेक देशांत हा सल्ला सुरू झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप कमी झाली. दूध अडकण्याची भीती समजण्यासारखी आहे, पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. वर आलेलं दूध चढ चढून तिच्यात जायला हवं. पालथ्या बाळात उलट होतं. कुशीवरचं बाळ पालथं होऊ शकतं आणि हात बांधलेले असले की त्याला तोंड उचलता येत नाही. दूध पाजल्यावर ढेकर काढून दहा-पंधरा मिनिटं उभं धरा, एवढं पुरे.

म्हणूनच बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की बांधणं त्याच दिवशी बंद. बहुधा ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होतं, काहींचं दुसऱ्यातच. ताप असेल तेव्हाही बांधू नका. बांधलेलं बाळ जास्त गाढ झोपतं. भूक लागल्यावर हात तोंडाकडे नेतं, तेही दिसत नाही. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजायचं आहे, त्यामुळे गाढ झोपेला शाबासकी देऊ नका.

इंदुरात थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. तरी टोपडं, कुंची आणि दोन रजया नकोत. मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, एवढंच. हातपाय गार असणं फारसं सांगत नाही, मानेमागे हात लावून बघा. घाम आला असेल तर एक कपडा काढा. सिगडी बंद खोलीत अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दवाखान्यात पहिल्या तासांत ऊब टिकवायला गुंडाळतात आणि नजर ठेवायला माणसं असतात. डॉक्टरांनी नाही म्हटलंय त्यामागे खुबा आहे की आणखी काही, हे त्यांना विचारून घ्या. बाळाचं वजन अडीच किलोच्या आत असेल तर दुपट्याऐवजी आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं जास्त उपयोगी.

प्रश्न : डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी चालेल का?
– एक आजोबा, इंदूर

उत्तर : नको. उशीने मान पुढे वाकते, शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जातात. डोक्याची दिशा आलटून पालटून बदला आणि जागेपणी, समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा तीन ते पाच मिनिटं पालथं ठेवा. पाळण्यात फक्त घट्ट, सपाट गादी आणि ताणून खोचलेली चादर. गळ्यातला काळा दोरा झोपवताना काढा.