नोंद नाही, तर झालंच नाही

प्रिय,

तुझी ईमेल दोनदा वाचली. सिग्मा झाय या संशोधकांच्या मानद संस्थेच्या शाखेची अध्यक्ष म्हणून तुझी निवड झाली आणि तुला घोर लागलाय तो समारंभातल्या भाषणाचा. अगं, 1886 साली कॉर्नेल विद्यापीठात स्थापना, ग्रीक बोधवाक्य, अर्थ ‘कसून संशोधन करणाऱ्यांचे सोबती’. एवढं सांग, नव्या सभासदांची नावं नीट उच्चार आणि खाली बस. तीन मिनिटं पुरे. भाषण फसल्याने कुठलीच शाखा बुडत नाही, कागद नसल्याने बुडते.

तू विषशास्त्रज्ञ आहेस, तीही सरकारी. जीएलपीचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चांगल्या कार्यपद्धतीचे, नियम 1978 साली का आले ते तुला सांगायला नको. उंदराचं वजन तू तिथल्या तिथे, पेनने लिहितेस, तारीख घालून सही करतेस. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा जुना आकडा वाचता येईल अशी. शेजारी कारण, आद्याक्षरं, तारीख. व्हाइटनर लावलेलं पान क्यूएवाल्यांच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांच्या, हाती पडलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. आणि तीच तू संध्याकाळी शाखेच्या बैठकीत ‘पैसे खात्यात आहेत थोडेफार’ या उत्तरावर मान डोलावणार? नोंद नाही, तर झालंच नाही. दिवसा खरं आणि संध्याकाळी खोटं, असं नसतं हे.

पहिला कागद एथिक्स ऑफिसचा. एफडीएत, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात, नोकरी करून बाहेरच्या संस्थेत पदाधिकारी व्हायचं तर आधी मंजुरी लागते. फॉर्मचं नाव एचएचएस-520. निवड झाली असली तरी मंजुरी हातात येईपर्यंत एकाही कागदावर अध्यक्ष म्हणून सही करू नकोस. काम नेमकं काय, किती तास, कुठल्या वेळात, मानधन किती, सगळं लिही. मानधन नसेल तर ‘शून्य’ लिही, रकाना कोरा ठेवू नकोस. मंजुरी जास्तीत जास्त एका वर्षाची असते. अध्यक्षपद दोन वर्षांचं असेल तर ती मध्येच संपते. म्हणून दहाव्या महिन्याच्या पानावर आजच खूण कर. ‘साहेब हो म्हणाले’ ही मंजुरी नव्हे. साहेब बदलतात.

मग हे काम तू खासगी म्हणून करतेस की सरकारी कामाचा भाग म्हणून, ते लेखी ठरवून घे. बहुतेक जण खासगी म्हणूनच करतात. तसं असेल तर कार्यालयाचा वेळ, लेटरहेड, हाताखालची माणसं, काहीच वापरायचं नाही. दुपारची बैठक असेल तर रजा टाक. परिचयात हुद्दा चालतो, पण शिक्षण, संशोधन, पुरस्कार अशा चार गोष्टींतली एक म्हणून. पत्रकावर ठळक अक्षरांत एकटाच नको. देणगी मागताना तर हुद्द्याचा उच्चारही नको. आणि तुमच्या केंद्राने सिग्मा झायला पैसे द्यायचे का, असा विषय कचेरीत निघाला तर तू त्यातून अंग काढून घ्यायचंस, तेही लेखी. पदाधिकारी असल्यामुळे संस्थेचं आर्थिक हित तुझंच धरलं जातं. इथे फौजदारी कायदा आहे, नुसती शिस्त नव्हे.

देणगीवरून आठवलं. घोटाळा हटकून पिझ्झ्यापासून सुरू होतो. मास स्पेक्ट्रोमीटर हे प्रयोगशाळेतलं यंत्र विकणारा प्रतिनिधी म्हणतो, ‘तुमच्या व्याख्यानाचं जेवण आमच्याकडून.’ तो तुमच्या प्रयोगशाळेला माल विकतो, म्हणजे निषिद्ध देणगीदार, ज्याच्याशी आपल्या कचेरीचा व्यवहार आहे असा. औषध, अन्न, प्रसाधनं, तंबाखू, या कंपन्याही त्यातच. अशांकडे तू स्वतः हात पसरायचा नाहीस. हाताखालच्या तंत्रज्ञाकडे वर्गणी मागायची नाहीस, हसतहसतसुद्धा नाही. पोस्टडॉक फेलो, म्हणजे पीएचडीनंतर शिकाऊ संशोधन करणारे, सहसा सरकारी नोकर नसतात, तेव्हा त्यांना काय चालतं ते वेगळं विचार आणि उत्तर ईमेलवर घे. चहा-बिस्किटं शाखेच्या खात्यातून आण. पावती त्याच दिवशी फाइलला.

आता खरं काम: सभासदांची निवड. पूर्ण सभासदत्व नाव घेण्याजोगं मूळ संशोधन केलेल्याला. सहसभासदत्व संशोधनाची कुवत दाखवलेल्याला. विद्यापीठातले लोक पहिल्या लेखकाचं नाव बघून मोकळे होतात. आपल्या क्षेत्रात तेवढ्याने भागत नाही. दोन वर्षांच्या कर्करोग चाचणीत दर गटात 50 नर, 50 माद्या. रसायन न दिलेल्या नियंत्रण गटात एकही गाठ नाही आणि रसायन दिलेल्या गटात 4 असतील तर संख्याशास्त्र गप्प बसतं, योगायोग असेल म्हणतं; 5 झाल्या की बोलू लागतं. ती पाचवी गाठ काचपट्टीवर कोणी ओळखली? पॅथॉलॉजिस्टने, पेशी तपासणाऱ्या तज्ज्ञाने. त्याचं नाव लेखकांच्या रांगेत सातवं असतं. म्हणून शिफारस करणाऱ्याकडून चार ओळी लिहून घे: या माणसाने नेमकं काय केलं, ते कुठल्या लेखात दिसतं. ‘मेहनती आहे’ ही ओळ परत पाठव. समितीने तो लेख उघडून वाचावा. नकार दिला तर कारण लिही, त्याच बैठकीत. मी नाकारलेल्या काहींची कारणं आज कुठेच नाहीत, आणि ती मला धड आठवतही नाहीत. ही एक बोच आहे.

पैशांचं थोडक्यात. बँकेत दोघांच्या सह्या, दोघेही एकाच विभागातले नकोत. शाखेचा स्वतंत्र करक्रमांक असेल आणि वार्षिक जमा साधारण 50,000 डॉलरच्या आत असेल तर 990-एन हा करखात्याचा वार्षिक फॉर्म भरावा लागतो. दहा मिनिटांचं काम आहे. सलग तीन वर्षं राहिला तर करमाफी आपोआप जाते. हा हमखास राहतो, कारण जुना कोषाध्यक्ष बदली होऊन जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. सूत्रं घेताना पहिल्या दिवशी पासवर्ड, बँकेचा कागद, सभासदयादी, मागची इतिवृत्तं मोजून घे आणि पोच दे.

व्याख्यानाला लांबचा पाहुणा कशाला शोधतेस? तुमचं आर्कान्सातल्या जेफरसनचं एफडीएचं विषशास्त्र केंद्र 1971 साली जैविक शस्त्रांच्या जुन्या जागेवर उभं राहिलं. तिथे एकाच प्रयोगाला 24 हजारांवर उंदीर लागले, शंभरांत एका उंदराला होईल एवढाच परिणाम टिपायचा होता म्हणून. हे कोणीतरी लिटल रॉकच्या शाळकरी मुलांना समजेल असं सांगावं. फक्त सरकारी आकडे मांडायचे तर मंजुरी... असो, कळलं तुला.

मला कागदी घोडे नाचवणारा म्हणतात. म्हणोत. घोटाळा झाला की तेच लोक माझ्याकडे इतिवृत्त मागायला येतात, आणि ते माझ्याकडे असतं.

520 मंजूर होऊन आला की तारीख कळव. भाषणाचा मसुदा त्याआधी पाठवू नकोस, वाचणार नाही.

तुझा,
काका