जज घरात हवी, ती कशासाठी?

प्रश्न : मुलगी इंदूरलाच बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला वकिली करायची आहे. मी म्हणतो, सिव्हिल जज हो. सरकारी नोकरी, वर रुतबा. वरच्यांचं ऐकून राहिलं की त्रास नाही. आमची प्लॉटची केसही वर्षानुवर्षं लटकली आहे. तिला कसं समजवावं? – एक वडील

उत्तर : तिला समजवायचं नंतर बघू, आधी तुमच्याशी बोलतो. प्लॉटचं वाक्य वाचून मी थबकलो. मुलगी जज झालीच, तर ती केस तिच्यासमोर चालणार नाही. कुणा सहकाऱ्याकडे तिनं शब्द टाकला, तर कारवाई तिच्यावरच. सहसा स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूकही मिळत नाही. लग्नकार्यात ओळखीचे वकील, पक्षकार भेटले तरी हातभर अंतर ठेवून बोलायचं. ज्याला तुम्ही रुतबा म्हणता, त्यात हा एकटेपणा असतो. स्वतः निवडला तर झेपतो. वडिलांच्या हट्टापायी नाही.

आता ‘वरच्यांचं ऐकणं’. जज कलेक्टरच्या हाताखाली नसतो. राज्यघटनेच्या कलम 235 प्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवर नियंत्रण हायकोर्टाचं. बदली, बढती, रजा सगळं तिथून. निकाल चुकला तर अपिलात फिरेल, पण काय निकाल द्यायचा हे हायकोर्टानंही फोनवर सांगायचं नसतं. हे जजच्या ऐटीसाठी नाही. उद्या तुमचाच प्लॉट रस्त्यात गेला आणि मोबदल्यासाठी तुम्ही सरकारविरुद्ध उभे राहिलात, तर सरकारच्या मर्जीवर बदली होणारा जज तुम्हाला चालेल? या ताठपणाची किंमतही पडते. आणीबाणीत अटक झालेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, असा प्रश्न आपल्या जबलपूरच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात होता. 1976 साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना त्यात सरकारविरुद्ध गेले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं आणि त्यांनी राजीनामा दिला. ‘ऐकून राहणारी’ मुलगीच हवी असेल, तर कृपा करून तिला या परीक्षेला बसवू नका.

परीक्षेचं म्हणाल तर हायकोर्टाची पूर्व, मुख्य, मुलाखत. पण 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्याआधी तीन वर्षं वकिली सक्तीची आहे. म्हणजे सध्या तरी तिचाच हट्ट बरोबर! दिवाणी कामाच्या चांगल्या सीनियरकडे तिला राहू द्या. प्लॉटसाठी तुमच्या वकिलांना गाठा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला काय हवं, हे तुमच्या पत्रात अर्ध्याच वाक्यात आलंय.