नांगरणी थांबवली की जमीन सुधारते का?

प्रश्न : वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात माझी भारी काळी जमीन असून खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा ही पिके मी घेतो. माझ्या धुऱ्याला लागून असलेल्या शेतकऱ्याने दोन वर्षांपासून नांगरणी आणि रोटाव्हेटर दोन्ही बंद केले आहेत. त्यांचा डिझेलचा खर्च वाचला, मात्र सोयाबीनची झडती (उत्पादन) माझ्यापेक्षा कमी आली. मग कमी मशागत जमिनीसाठी चांगली, असे का सांगितले जाते?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचा अनुभव अपवादात्मक नाही. 63 देशांतील 610 संशोधनांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नांगरणी बंद केलेल्या शेतांचे उत्पादन सरासरी 5.7 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र कोरड्या हवामानातील कोरडवाहू शेतीत, जेथे मशागत थांबवण्याबरोबरच पिकांचे अवशेष जमिनीवर राखले गेले आणि पिकांची फेरपालट झाली, तेथे उत्पादन सुमारे 7.3 टक्क्यांनी वाढल्याचे त्याच आढाव्यात दिसून आले. पश्चिम विदर्भातील शेतीला हा दुसरा निष्कर्ष अधिक जवळचा आहे. म्हणून शेजाऱ्यांना पहिला प्रश्न असा विचारावा, की सोयाबीनची मळणी झाल्यावर कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) कोठे गेले? आपल्याकडे ते बहुधा थ्रेशरजवळ एका जागी ढिगाने पडते, मग गुरांना जाते किंवा पेटवले जाते, आणि शेत उघडे राहते. उघडी आणि न नांगरलेली जमीन ही या पद्धतीची सर्वांत वाईट अवस्था आहे, कारण पावसाचे थेंब वरचा थर घट्ट करतात, पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि तण मोकळेपणाने वाढते. पेरणीनंतर जमिनीचा किमान 30 टक्के पृष्ठभाग अवशेषांनी झाकलेला असावा, हे या पद्धतीचे मूळ मोजमाप आहे.

आच्छादन असेल तर जमिनीत जे घडते ते सावकाश घडते. गांडुळांची बिळे आणि मेलेल्या मुळांच्या पोकळ्या मोडल्या जात नाहीत, त्यांतून पाणी खाली उतरते. मुळांशी सहजीवनाने राहणाऱ्या बुरशीचे तंतू शाबूत राहिल्याने मातीचे कण एकत्र बांधले जातात आणि ढेकूळ पाण्यात चटकन विरघळत नाही. सेंद्रिय कर्ब वाढतो, परंतु तो प्रामुख्याने वरच्या काही सेंटीमीटरांत साठतो आणि त्याखालच्या थरात फारसा फरक पडत नाही. केवळ वरची माती तपासून कर्ब मोठ्या प्रमाणात वाढल्याचे जे दावे केले जातात, ते त्यामुळे फुगलेले असतात. नमुने 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटीमीटर असे दोन्ही थरांतून घ्यावेत. स्फुरदही असाच वर साचतो, म्हणून खत फेकून न देता पेरणी यंत्राने बियाण्याच्या खाली द्यावे.

काळ्या जमिनीचा एक गुण आपल्या बाजूने आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, त्यामुळे ती काही अंशी स्वतःच मोकळी होत राहते. परंतु दरवर्षी रोटाव्हेटर फिरवल्याने त्याच्या पात्याखाली तयार झालेला कठीण थर असा सहज फुटत नाही. तो असल्यास पद्धत सुरू करण्यापूर्वी एप्रिल-मेमध्ये, माती पूर्ण कोरडी असताना, एकदा सबसॉयलर (खालचा कठीण थर फोडणारे अवजार) चालवावा. ही एक वेळची मशागत मला आवश्यक वाटते. ती टाळून केलेली सुरुवात बहुधा निराशेत संपते. जास्त पावसाच्या वर्षी भारी सपाट जमिनीत पाणी साचून सोयाबीन पिवळे पडते, म्हणून रुंद वरंबा-सरी पाडून तेच वरंबे वर्षानुवर्षे कायम ठेवावेत आणि ट्रॅक्टरची चाके फक्त सरीतून न्यावीत. हरळी, कुंदा आणि लव्हाळा यांचा बंदोबस्त आधी केलेला असावा. बहुवर्षायु तण असलेल्या शेतात नांगर थांबवला की ते वाढतच जाते.

आपल्याकडे सोयाबीन-हरभरा हीच फेरपालट असल्याने सुरुवात हरभऱ्यापासून करावी. सोयाबीन निघाल्याबरोबर, जमिनीत ओल असतानाच, वखरणी न करता पेरणी केली तर ओल उडून जात नाही आणि पेरणीही लवकर होते. संपूर्ण शेत एकदम बदलू नये. एका पट्ट्यावर तीन-चार वर्षे करून शेजारच्या नांगरलेल्या पट्ट्याशी उत्पादन आणि खर्च दोन्हींची तुलना करावी, कारण झडती तेवढीच आली तरी नांगरणी व वखरणीचा वाचलेला खर्च हा नफाच आहे.

प्रश्न : राळेगाव तालुक्यात आमच्याकडे मुख्यतः कपाशी आहे. पऱ्हाट्या उपटून न टाकता शेतातच ठेवल्या तर आच्छादन होईल का?

उत्तर : उभ्या किंवा ढीग करून ठेवू नयेत. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत राहते आणि धुऱ्यावरच्या पऱ्हाट्यांच्या गंजीतून पुढच्या हंगामात पतंग बाहेर पडतात. फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेले पीक) न घेता, शेवटची वेचणी झाल्यावर श्रेडरने पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे करून जमिनीवर पसरावेत. या काड्यांत कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असल्याने त्या कुजताना जिवाणू जमिनीतील नत्र काही काळ अडकवून ठेवतात. पुढील पिकाला सुरुवातीच्या नत्राच्या मात्रेत कसूर करू नये. ज्या शेतात बोंडअळीचा जोरदार प्रादुर्भाव झाला, तेथे त्या वर्षी उन्हाळी नांगरणी करून जमीन तापू द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. कमी मशागतीच्या आग्रहासाठी कीड पोसणे परवडणारे नाही.

प्रश्न : साकोलीकडे धानाच्या बांधीत हे जमेल का?

उत्तर : याची एक जुनी पद्धत आपल्याच भागात आहे. उभ्या धानात, कापणीपूर्वी, ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकून उतेरा घेतला जातो आणि त्यासाठी कोणतीही मशागत लागत नाही. खुद्द धानासाठी नेरळ (जि. रायगड) येथे विकसित झालेले सगुणा भात तंत्र पाहावे. त्यात चिखलणी व रोवणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवतात. चिखलणी नसल्याने तण लवकर डोके वर काढते, त्यामुळे पहिल्या महिन्यात निंदणासाठी माणसे मिळतील याची खात्री करूनच एखाद्या बांधीत सुरुवात करावी. धानानंतर हरभरा घेणार असाल, तर त्याच वाफ्यांवर धानाची धसकटे न उपटता पेरणी करता येते.