‘मम’, ‘मॅम’ आणि ‘मॉम’: इंग्रजीतली आई गावोगावी

प्रश्न : माझा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहतात. गेल्या मार्च महिन्यात मातृदिनासाठी नातीने शाळेत शुभेच्छापत्र तयार केले आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मॉम’ असे लिहिले. इंग्रज लोक ‘मम’ म्हणतात आणि ‘मॉम’ हा अमेरिकन शब्द आहे, असे आम्ही शिकलो. शिक्षिकेने चूक दाखवली नाही, याचे आश्चर्य वाटले. नातीची ही सवय वेळीच मोडावी का? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : कृपया मोडू नये. आपल्या नातीने लिहिले ते अगदी त्या गावचे इंग्रजी आहे, आणि शिक्षिका स्थानिक असतील तर त्यांनीही लहानपणी आपल्या आईला तसेच लिहिले असण्याची शक्यता मोठी आहे. शुभेच्छापत्र मार्चमध्ये तयार झाले, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतला आणि आता आपल्याकडचाही मातृदिन मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो. ब्रिटनमधला ‘मदरिंग संडे’ ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी असतो आणि त्याची परंपरा पूर्णपणे वेगळी आहे. त्या दिवसांत बर्मिंगहॅमच्या दुकानांत ‘मॉम’ छापलेली पत्रे मुद्दाम मांडलेली असतात, कारण तिथले लोक ‘मम’ लिहिलेले पत्र आपल्या आईला द्यायला नाखूश असतात.

बर्मिंगहॅम आणि त्याच्या पश्चिमेचा डडली, वॉल्सॉल, वेस्ट ब्रॉमविच हा कोळशाचा आणि लोखंडाचा पट्टा, ज्याला ‘ब्लॅक कंट्री’ म्हणतात, तिथे ‘मॉम’ पिढ्यानपिढ्या रुजलेला आहे. याचे कारण बोलीच्या इतिहासात सापडते. मध्ययुगीन इंग्रजीच्या पश्चिम मिडलंड्समधल्या बोलीत ‘म’ आणि ‘न’ या अनुनासिकांच्या आधी येणारा ‘अ‍ॅ’ हा स्वर ‘ऑ’कडे झुकत असे, त्यामुळे तिथल्या हस्तलिखितांत ‘मॅन’ऐवजी ‘मॉन’ आणि ‘लँड’ऐवजी ‘लॉंड’ असे लेखन आढळते. ब्लॅक कंट्रीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘मॉन’ आणि ‘हॉंड’ हे उच्चार अगदी अलीकडेपर्यंत टिकून होते. त्याच वाटेने ‘मॅम’चे ‘मॉम’ झाले असावे, हा उलगडा मला सर्वांत पटतो. अमेरिकेतल्या ‘मॉम’शी त्याचे साम्य आहे, परंतु तो तिथून आलेला नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘मम’ हा मूळ आणि शुद्ध शब्द असून बाकीचे त्याचे अपभ्रंश आहेत, असे आपण नकळत धरून चालतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ‘मॅम’ सोळाव्या शतकातल्या लेखनात आढळतो, तर ‘मम्मी’चे लघुरूप म्हणून ‘मम’ एकोणिसाव्या शतकात दिसू लागतो. लंडन आणि दक्षिण इंग्लंडची बोली पाठ्यपुस्तकांची आणि आकाशवाणीची भाषा झाली, म्हणून ‘मम’ला प्रमाणपद मिळाले, एवढेच. आपल्याकडेही ‘आई’ पुस्तकात आली, म्हणून विदर्भ-खानदेशातली ‘माय’ अशुद्ध ठरत नाही.

या भेदांची नोंद करायला देवनागरी लिपी फार उपयोगी पडते, कारण ‘मॅ’ आणि ‘मॉ’ ही दोन्ही चिन्हे आपल्याजवळ आहेत. लंडनला ‘मम’ ऐकू येते. यॉर्कशर आणि लँकशरमध्ये अक्षरे तीच लिहिली तरी उच्चार ‘मुम’ होतो, कारण उत्तरेकडे ‘कप’ आणि ‘बस’ या शब्दांतला स्वरही ‘उ’कडे जातो. ईशान्येला न्यूकॅसल, संडरलंड, डरहॅम या भागांत ‘मॅम’ म्हणतात. न्यूकॅसलचा माणूस एकटा असला तरी ‘वॉर मॅम’, म्हणजे ‘आमची आई’, असे म्हणतो. मराठी माणसाला त्याचे मुळीच नवल वाटू नये, कारण आपणही एकट्याने बोलताना ‘आमची आई’ असेच म्हणतो. लिव्हरपूलमध्ये ‘मॅम’च्या बरोबरीने ‘मा’ ऐकू येते. १८४५ ते १८५२ या काळातल्या आयर्लंडमधल्या दुष्काळात हजारो कुटुंबे त्या बंदरात उतरली आणि तिथेच स्थिरावली, त्याचा हा ठसा मानला जातो. स्कॉटलंडमध्ये, विशेषतः ग्लासगोकडे, ‘मॉ’ आणि ‘मॅमी’ म्हणतात. ‘मिदर’ हा जुना स्कॉट्स शब्द आहे.

वेल्सबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. तिथे ‘मॅम’ हा शब्द केवळ लाडाचा नसून वेल्श भाषेत ‘आई’ याच अर्थाचा साधा, दप्तरी शब्द आहे, आणि इंग्रजी बोलणारी वेल्श घरेही तोच वापरतात. मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की वेल्श व्याकरणात आई कोणाची आहे यावर शब्दाचे पहिले अक्षर ठरते: ‘तिची आई’ म्हणताना ‘म’ तसाच राहतो, परंतु ‘त्याची आई’ म्हणताना त्याचा ‘व’ होतो. आजीला उत्तर वेल्समध्ये ‘नाईन’ म्हणतात आणि दक्षिणेत ‘माम-गी’, ज्याचा शब्दशः अर्थ ‘लाडकी आई’ असा आहे.

तेव्हा नातीला ‘मॉम’ म्हणू द्यावे. घरात ती आईला ‘आई’ म्हणत असेल, तर तेही तसेच चालू राहावे, ही मात्र माझी आग्रहाची विनंती आहे. दोन हाका एका मुलीला मुळीच जड होत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. तिथले वयस्कर रुग्ण माझी चौकशी करताना ‘द मॅमी कशी आहे?’ असे विचारतात. ‘तुझी मॅमी’ न म्हणता ‘द मॅमी’ म्हणण्यात काही दुरावा आहे का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : दुरावा नाही, उलट जवळीक आहे. आयरिश लोकांच्या इंग्रजीत ‘द’ हे उपपद प्रमाण इंग्रजीपेक्षा पुष्कळ अधिक ठिकाणी येते आणि अभ्यासक त्याचे मूळ आयरिश भाषेच्या वाक्यरचनेत शोधतात. ‘द मॅमी’ म्हणजे घराच्या मध्यभागी असलेली, सर्वांना ठाऊक असलेली आई. तिथे साठीचा शेतकरीही आपल्या आईला ‘मॅमी’ म्हणतो आणि त्यात कोणाला पोरकटपणा वाटत नाही. डब्लिनच्या कष्टकरी वस्त्यांत मात्र ‘मा’ अधिक ऐकू येते. आयरिश भाषेत हाक मारताना नामाचे पहिले व्यंजन मऊ होते, त्यामुळे ‘मॅमी’ला साद घालताना ‘म’चा ‘व’ होतो. वेल्शची ही बहीण-भाषा आहे, हे अशा ठिकाणी चटकन जाणवते.

एक सावधगिरी आपल्या मुलीला जरूर सांगावी. अमेरिकेत ‘मॅमी’ हा शब्द गोऱ्या मालकांची मुले सांभाळणाऱ्या गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी वापरला जात असे आणि तिथे तो आजही अपमानकारक मानला जातो. आयर्लंडमध्ये त्याला तो इतिहास नाही.

प्रश्न : राजे चार्ल्स यांनी राणीच्या निधनानंतरच्या भाषणात आईला ‘ममा’ म्हटले. त्या वयात हे विचित्र वाटत नाही का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ९ सप्टेंबर २०२२ च्या त्या भाषणातला ‘ममा’ दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन उच्चारलेला होता. ही एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू घरांची जुनी पद्धत आहे. त्याच वर्षी जूनमध्ये, राणीच्या कारकिर्दीच्या सत्तराव्या वर्षाच्या सोहळ्यात, त्यांनी ‘युअर मॅजेस्टी’ असे म्हणून लगेच ‘मम्मी’ असे संबोधले होते. इंग्लंडमध्ये प्रौढ माणसाच्या तोंडी ‘मम्मी’ आले की ऐकणारा ते वरच्या वर्गाचे लक्षण समजतो. परंतु मधला समुद्र ओलांडून बेलफास्टला गेल्यास हा हिशेब चुकतो. उत्तर आयर्लंडमध्ये अगदी सामान्य घरांतले मोठे पुरुषही आईला ‘मम्मी’च म्हणतात.